चंद्रप्रभावहिनी बाहेर का आल्या

सौ. चंद्रप्रभा मुरलीधर नाचणे या कोणी मोठ्या बाई नव्हत्या. त्यांच्या नावाची पाटी कोठे लागलेली नाही. दिल्लीत आयुष्य काढलेल्या एका सरकारी कारकुनाच्या त्या पत्नी होत्या. त्यांच्याविषयी सरकारी कागदावर एक वाक्य लिहिलेले आहे. ते वाक्य न्यायाचे नाही असे माझे मत आहे, म्हणून मी हे लिहीत आहे. मला अक्षरे उतारवयात आली, त्यामुळे मी सावकाश लिहिते. जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून लिहीन. जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हे सांगेन. ज्या ठाण्याचे पोलीस होते त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझे भांडण त्या नावाशी नाही.

माझे यजमान शांताराम हे नाचणेसाहेबांच्या कार्यालयात शिपाई होते. साहेबांना लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळाले होते आणि त्यामागच्या खोलीत आमचे बिऱ्हाड होते. यजमान वारले तेव्हा वहिनींनी मला स्वयंपाकाच्या मदतीला घेतले. मदत फारशी लागत नव्हती. मला कोणाचे तरी घर असावे म्हणून घेतले, हे मला त्याच वेळी समजले होते.

वहिनींचे माहेर चिपळूणजवळचे. दिल्लीत इतकी वर्षे राहूनही त्यांची हिंदी त्यांच्या स्वतःच्या मताने चालत असे. सरोजिनी नगरच्या बाजारात त्या भाजीवाल्याला म्हणत, "भैया, ये भेंडी जून है. हमको कोवळी दो." भाजीवाला आधी हसत असे. पुढे त्याने ते शब्द उचलले आणि पंजाबी बायकांनासुद्धा तो "ले लो बहनजी, एकदम कोवळी है" असे सांगू लागला. वहिनींना याचा फार अभिमान होता. आपण दिल्लीला काही तरी दिले, असे त्या म्हणत.

त्यांना माणसे लागत. दारावरून कोणी गेले आणि त्यांनी हाक मारली नाही असे होत नसे. त्या कॉलनीत केरळची, बंगालची, बिहारची अशी सर्व प्रांतांची सरकारी माणसे राहत. मराठी घरे थोडी होती. मैदानाच्या पलीकडे श्रीपाद टिल्लू राहत. ते साहेबांबरोबर एकाच मंत्रालयात होते, एकाच बसने जात आणि परत येताना एकाच विषयावर भांडत.

या दोन घरांत दिवाळीची एक पैज होती. दिल्लीचे लोक फटाके लक्ष्मीपूजनाच्या रात्री उडवतात. आपल्याकडे नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानाच्या वेळी, उजाडण्याच्या आत पहिला फटाका वाजतो. तो पहिला फटाका कोणाचा, यावर साहेब आणि टिल्लू यांची दरवर्षी चुरस लागत असे. वहिनी त्यात साहेबांच्या बाजूने लबाडी करत. रात्री साहेब झोपले की त्या गजराचे घड्याळ पुढे करून ठेवत. टिल्लू हरले की दुपारी फराळाला येत आणि वहिनी त्यांना चकलीचे ताट देताना म्हणत, "भावजी, तुमच्या घड्याळाला आता पेन्शन द्या." टिल्लू म्हणत की घड्याळ बरोबर आहे, वहिनींच्या घरातला सूर्यच लाचखाऊ आहे. दिल्लीत कारीट मिळत नाही, म्हणून वहिनी भाजीवाल्याकडून बोटभर कारले आणून ते पायाखाली फोडायला देत. साहेब म्हणत, नरकासुराला दिल्लीत बदली मिळाल्यावर हेच व्हायचे.

साहेब निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावे लागले. सरकारी नोकरांनी मिळून केलेल्या एका सोसायटीत त्यांनी यमुनेपलीकडे फ्लॅट घेतला होता. देशात नवे वारे सुरू झाल्याचे सगळे सांगत होते आणि ते वारे त्या भागात आधी पोचले होते. रस्ते विमानतळासारखे रुंद होते आणि त्यांवर माणूस दिसत नसे. कॉम्प्युटर कंपन्यांच्या जाहिराती होत्या. शाळा होती, पण मुलांचा आवाज नव्हता. निम्मे फ्लॅट लोकांनी भाव वाढेल म्हणून घेऊन कुलपे घालून ठेवले होते. जे राहत होते त्यांनी दाराला आणखी एक लोखंडी दार लावून घेतले होते, कारण तिकडे दरोडे पडत होते आणि व्यापाऱ्यांना पळवून नेण्याच्या बातम्या रोज येत होत्या.

मी तोपर्यंत मुलीकडे सरोजिनी नगरला राहायला गेले होते. अधूनमधून बस बदलत वहिनींना भेटायला जात असे. पहिल्या दिवाळीत त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येक घरी फराळाचे ताट नेले. एका दाराच्या आतून बाईने विचारले, "किसने भेजा है?" वहिनी म्हणाल्या, "हमने." बाईने पुन्हा विचारले, "हम कौन?" हे सांगताना वहिनी हसल्या.

त्याच दिवाळीत साहेबांनी खाली मैदानात जाऊन पहाटे एक फटाका वाजवला. सबंध इमारतीत दिवे लागले. गोळी चालली असे समजून एका घरातून लोकांनी मुलांना पलंगाखाली घातले. सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप माथुर म्हणून होते. ते रात्रीच्या कपड्यांत खाली आले आणि सभ्यपणे म्हणाले, "नाचणेजी, दिवाली तो कल है." पुढच्या सभेत ठरले की पहाटे कोणी फटाके वाजवू नयेत. ते एकाच घराविषयी ठरले होते हे सर्वांना माहीत होते. साहेब नियम पाळणारे गृहस्थ. त्यानंतर त्यांनी पहाटे फटाका वाजवला नाही. तेल, उटणे, कारले हे सर्व घरात चालूच राहिले.

दोन-तीन दिवाळ्या अशा गेल्या. मग टिल्लूंनीही त्याच भागात, शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. गणपतीत मंडळाच्या आरतीला सगळे भेटले तेव्हा त्यांनी वहिनींना सांगितले की दसऱ्याला ताबा मिळतो आहे, दिवाळीच्या आत आम्ही राहायला येतो. मी तेथे होते. वहिनी इतक्या खूश झाल्या की त्यांना प्रसाद घेण्याचेही भान राहिले नाही. टिल्लू म्हणाले, "वहिनी, यंदा पैज माझी. चतुर्दशीला तुमच्या गॅलरीखाली येऊन फोडतो. मुरलीधर अंघोळीला बसलेला असेल."

टिल्लूंना ताबा मिळाला नाही. बांधणाऱ्याने वीज जोडून दिली नव्हती. त्या भागात तेव्हा टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षे थांबावे लागे आणि नाचण्यांकडे टेलिफोन नव्हता. दिवाळीला फराळाला जाऊ तेव्हा सांगू, असे टिल्लूंनी ठरवले. त्यात त्यांचा काही दोष होता असे मला वाटत नाही. कोणीही असेच केले असते.

त्या पहाटेचे जे लिहिते ते साहेबांकडून ऐकलेले आहे. त्यांनी ते मला अनेकदा सांगितले आणि प्रत्येक वेळी तेच सांगितले.

साहेब पाटावर बसले होते. वहिनी त्यांच्या डोक्याला तेल लावत होत्या. बाहेर अजून काळोख होता. गॅलरीतला आकाशकंदील त्यांनी वीज वाचवण्यासाठी रात्री मालवला होता, तो लावायचा राहिला होता. तेवढ्यात खालून धडाड असा आवाज आला आणि लगेच दुसरा आला. वहिनींनी हात थांबवला. त्या म्हणाल्या, "आले. भावजी आले वाटतं. तुमच्या आधी फोडला बघा." त्यांनी ओवाळण्याच्या ताटातली पणती उचलली आणि गॅलरीचे दार उघडले. त्यांना टिल्लूंना वरून दिवा दाखवायचा होता. साहेब म्हणाले, "अगं, पदर सांभाळ." मग आणखी आवाज झाले. साहेबांना वाटले की पणती खाली पडली.

समोरच्या इमारतीतल्या एका कुलूपबंद दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये माणसे पळवून नेणाऱ्या टोळीतला एक मनुष्य लपला होता. पोलीस त्याला धरायला आले होते. त्याने जिन्यातून पोलिसांवर गोळी झाडली आणि तो धावत नाचण्यांच्या बाजूच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढू लागला. पोलिसांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. भिंतीच्या मागे नाचण्यांची इमारत होती. एक गोळी त्याच्या पायाला लागली आणि एक वर गेली. तो मनुष्य जिवंत पकडला गेला. वर्तमानपत्रात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आले. वहिनींचे नाव शेवटी होते आणि ते चंद्रकला असे छापले होते.

मी दुपारी पोचले. साहेबांच्या डोक्याला तेल तसेच होते. त्यांना अंघोळ घाला, असे कोणालाही सुचले नव्हते.

मुलगा अंशुमन पुण्याहून आला. तो तेथे सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. तो रागाने बोलत होता की केस करू, हायकोर्टात जाऊ, कोणाला सोडणार नाही. तेरावे झाल्यावर त्याची रजा संपली. जाताना त्याने साहेबांना पुण्याला चला म्हटले. साहेबांनी सांगितले की चौकशी झाल्याशिवाय मी येथून हलणार नाही.

चौकशी व्हायची होती. पोलिसांच्या गोळीने मनुष्य मेला की मॅजिस्ट्रेटकडून चौकशी होते. त्याआधी पोलिसांनी आपले म्हणणे लेखी दिले होते आणि साहेबांना त्याची प्रत मिळाली होती. त्यांनी ती मला वाचून दाखवली. त्यात लिहिले होते की गुन्हेगार सशस्त्र होता, गोळीबार आवश्यक होता, आणि गोळ्यांचा आवाज ऐकूनही मृत स्त्री आपल्या निष्काळजीपणाने आवाजाच्या दिशेने बाहेर आली.

साहेबांनी कागद खाली ठेवला. ते म्हणाले, "मला कोणाला फाशी द्यायची नाही. ती परत येणार नाही. पण तिच्या निष्काळजीपणाने असं लिहायचं नाही. तेवढं एक वाक्य काढून टाकायचं. दुसरं काही नको."

त्यानंतरचे महिने ते त्या एका वाक्यासाठी जगले. वाक्य काढायचे तर त्या पहाटे तो आवाज मराठी बाईला फटाक्याचा का वाटला, हे मॅजिस्ट्रेटांना पटवावे लागणार होते. मॅजिस्ट्रेट उत्तरेकडचे होते. कोणा तरी प्रतिष्ठित मराठी माणसाने येऊन आमच्यात अशी प्रथा आहे असे सांगायला हवे होते. मी येते, असे मी म्हणाले. साहेब म्हणाले, "तुम्ही घरच्या. तुमचं म्हणणं धरणार नाहीत." ते खरे होते.

ते लक्ष्मीबाई नगरात ओळखीच्या घरोघरी गेले. मी बरोबर होते. सगळ्यांनी चहा दिला, वहिनींच्या आठवणीने डोळे पुसले आणि अडचण सांगितली. एकांची बढती व्हायची होती. एकांच्या मुलाच्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी चालू होती. पहाडगंजच्या शाळेतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले की प्रथा आहे हे मी लेखी देतो, पण प्रत्यक्ष बोलावू नका. एक बाई म्हणाल्या, "आपण बाहेरची माणसं, यार. इथे पोलिसांशी कशाला?" त्यांचा जन्म दिल्लीत झाला होता.

टिल्लू मात्र लगेच हो म्हणाले. ते फार खचले होते. दिवाळीपासून ते नीट जेवले नव्हते, असे त्यांच्या पत्नी शालिनीबाईंनी सांगितले.

चौकशीच्या आदल्या दिवशी ते दोघे साहेबांच्या घरी बसले होते. साहेबांनी त्यांना साक्ष कशी द्यावी हे समजावले. दोघांनी सबंध नोकरीत संसदेच्या प्रश्नांना उत्तरे तयार करण्याचे काम केले होते. त्या कामाचा एक नियम आहे, तो माझ्या यजमानांनाही पाठ होता: जेवढे विचारले तेवढेच उत्तर द्यावे. साहेब म्हणाले, "श्रीपाद, जास्त बोलायचं नाही. जास्त बोललं की फाटे फुटतात आणि ते फाटा धरून ओढतात. विचारतील त्याला हो किंवा नाही." टिल्लूंनी मान हलवली. मी विचारले की गणपतीत वहिनींना जे सांगितले होते, तेही सांगायचे ना. साहेब म्हणाले, "ते येईलच. तिला फटाका का वाटला, असं विचारतीलच की. आणि ते श्रीपादनंच सांगायला हवं. मी सांगितलं तर ती ऐकीव गोष्ट."

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडे होते, त्यामुळे आतले सर्व ऐकू येत होते.

आधी गोळी झाडणाऱ्या इन्स्पेक्टरची साक्ष झाली. मी मनात त्याला राक्षस ठरवून आले होते, पण तो तसा दिसत नव्हता. त्याचा आवाज खाली होता. त्याने सांगितले की ती वेळ आम्ही मुद्दाम निवडली. दुधाची गाडी यायच्या आधी, फिरायला जाणारे उठायच्या आधी, सर्व झोपेत असतात अशी वेळ, म्हणजे कोणाला इजा होऊ नये. पहारेकऱ्याला विचारून घेतले होते. त्या बाजूचे बरेच फ्लॅट रिकामे होते. गुन्हेगाराने आधी गोळी झाडली. तो भिंतीपलीकडे गेला असता तर कोणाच्याही घरात शिरला असता.

मॅजिस्ट्रेटांनी साहेबांना विचारले की आपल्याला काही प्रश्न आहे का. साहेब उभे राहिले. त्यांनी हिंदीत विचारले, "गोली चलाने से पहले आपने ऊपर देखा था?"

इन्स्पेक्टर म्हणाला, "देखा था. अँधेरा था."

"फिर?"

तो म्हणाला, "एक लाइट दिखी थी. छोटी सी. मैंने समझा आवाज़ से कोई जागा है, अंदर चला जाएगा." त्याने मॅजिस्ट्रेटांकडे पाहिले. "साहब, सब अंदर जाते हैं. गोली की आवाज़ पर बाहर कौन आता है?"

साहेबांनी विचारले, "लाइट देखकर आप रुके?"

"रुकने का समय नहीं था."

मला वाटले की आता सर्व झाले. दिवा पाहिला हे त्याने स्वतः सांगितले होते. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याने दिवा पाहिल्यावर थांबावे, हे समजायला शाळा लागत नाही. परंतु मॅजिस्ट्रेटांनी मान खाली घालून लिहिले आणि ते म्हणाले की प्रश्न हाच आहे, सामान्य मनुष्य बाहेर येईल असे पोलिसांनी समजावे का. म्हणजे सर्व पुन्हा वहिनींवर आले.

सेक्रेटरी माथुरांनी सांगितले की आमच्या सोसायटीत पहाटे फटाक्यांना मनाई होती आणि ती नाचण्यांना माहीत होती. ते खोटे नव्हते.

मग टिल्लूंना बोलावले. ते स्वच्छ कोट घालून आले होते. मॅजिस्ट्रेटांनी विचारले की तुमच्या समाजात पहाटे फटाके वाजवतात का. ते "जी हाँ" म्हणाले. कोणत्या दिवशी, तर नरकचतुर्दशीला. येथपर्यंत मी हात जोडून बसले होते.

नंतर पोलिसांच्या बाजूचा वकील उठला. तो तरुण होता आणि फार आदराने बोलत होता. त्याने विचारले, "टिल्लू साहब, पिछले साल आपके घर में सुबह पटाखा चला था?"

टिल्लू म्हणाले, "नहीं."

"उससे पहले?"

"नाचणेजी कॉलोनी में थे, तब."

"अब?"

"अब बच्चे उठते नहीं. रात को चलाते हैं. सबके साथ."

"आपकी कॉलोनी में और कोई मराठी परिवार, जो आज भी सुबह चलाता हो?"

टिल्लूंनी आठवून पाहिले असावे. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. "मेरी जानकारी में नहीं," ते म्हणाले.

"तो दिल्ली में सुबह पटाखा चलाने वाले आप एक ही आदमी को जानते थे, नाचणे साहब को. और नाचणे साहब उस समय पत्नी के सामने बैठे थे."

हा प्रश्न नव्हता, म्हणून टिल्लूंनी उत्तर दिले नाही. वकील धन्यवाद म्हणून खाली बसला. मॅजिस्ट्रेटांनी विचारले, "और कुछ?" ते वकिलाला विचारले होते; टिल्लू साहेबांचेच साक्षीदार, म्हणून साहेबांना विचारले नाही. वकील नाही म्हणाला. टिल्लूंनी सही केली आणि ते बाहेर आले. वहिनींना तो आवाज टिल्लूंचा का वाटला, हे कोणी विचारलेच नाही. गणपतीतले बोलणे त्या खोलीत उच्चारले गेले नाही.

बाहेर साहेबांनी त्यांचा दंड धरला. "श्रीपाद, तू येणार होतास हे सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाही."

"अरे, विचारलं नाही म्हणून..."

"तूच म्हणालास ना. विचारतील तेवढंच." टिल्लूंनी कोटाची बटणे सोडली. "मी उभा होतो, मुरलीधर. वाट बघत होतो, आता विचारतील. आणि खरं सांगू का, विचारू नये असंही वाटत होतं. मी आलोच नव्हतो रे. वहिनी माझ्यासाठी बाहेर आल्या आणि मी तिथं नव्हतोच, हे त्या लोकांसमोर कसं सांगू?"

साहेबांनी त्यांचा हात सोडला. बसमध्ये तिघे एका ओळीत बसून आलो.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला की साक्षीदाराला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्यांचे अर्ज फार चांगले असत. तेथील बाबूने सांगितले की साक्ष पूर्ण झाली आहे, अर्ज फाइलला जोडून ठेवू. साहेब मला म्हणाले, "जोडून ठेवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी तीस वर्षं जोडून ठेवलं आहे."

चौकशीचा निकाल उन्हाळ्यात आला. घटना खेदजनक आहे, असे त्यात होते. गोळीबार परिस्थितीनुसार योग्य होता. पहाटे फटाके वाजवण्याची प्रथा पूर्वी असल्याचे दिसते, परंतु ती आता प्रचलित नाही. मृत स्त्री आवाजाच्या दिशेने स्वतः बाहेर आली, असा तो भाग होता. निष्काळजीपणा हा शब्द काढला होता. टिल्लू म्हणाले, बघ, तेवढा शब्द तरी गेला. साहेब म्हणाले की शब्द गेला, पण वाक्य तेच आहे.

मला त्या निकालात एक गोष्ट सर्वांत अधिक लागली. प्रथा पूर्वी होती, हे खरेच होते. आमच्याच माणसांनी ती सोडली होती आणि सोडल्याचे एकमेकांना सांगितले नव्हते. ती अजून चालू आहे, सगळ्या मराठी घरांत पहाटे दिवे लागले आहेत, असे समजणारी त्या सबंध शहरात एकच बाई उरली होती. तिला आवाज ऐकू आला आणि तिला वाटले, माणसे आली. म्हणून वहिनी बाहेर आल्या. माणसांविषयी निष्काळजीपणा असता तर त्या आत बसल्या असत्या.

हे मी साहेबांना त्या वेळी अनेकदा सांगितले होते. तेव्हा ते ऐकत. "बरोबर आहे तुमचं," असे म्हणत. पुढे टिल्लू तिकडे राहायला आले. ते रोज संध्याकाळी साहेबांकडे येत. दोघे बातम्या ऐकत आणि पावसापाण्याचे बोलत. भांडण कधीच झाले नाही. ते पूर्वी बसमध्ये जसे भांडत तसे भांडले असते तर मला बरे वाटले असते.

काही वर्षांनी त्या इमारतीतले सर्व फ्लॅट भरले. मोठ्या कंपन्यांतली पुण्या-मुंबईची मुले-मुली आली. मजल्यावर नीरजा नावाची एक मुलगी राहायला आली. ती साहेबांना काका म्हणू लागली. एके दिवशी मी साहेबांकडे गेले होते. ती वाटीत काही तरी घेऊन आली होती आणि भिंतीवरचा फोटो पाहून तिने विचारले, "काकू कशानं गेल्या?"

साहेब म्हणाले, "पोलीस फायरिंग झालं होतं खाली. ती आवाजाच्या दिशेनं स्वतः बाहेर आली."

मुलगी "अरेरे" म्हणाली आणि गेली. दार लागल्यावर मी म्हणाले, "साहेब, तुम्ही तरी असं म्हणू नका."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले नव्हते. काही आठवण्याचा प्रयत्न करत होते आणि ते त्यांना जमत नव्हते, असे मला दिसले.

"मग काय म्हणू?" ते म्हणाले. "रेकॉर्डवर तेच आहे."

आणि ते त्या मुलीची वाटी रिकामी करून धुवायला आत गेले.